लस नाही तर दारातून आत नाही: इंग्लंडच्या केअर होममधला वाद समजून घेताना

तारीख ११ नोव्हेंबर २०२१. केअर होममध्ये कामाला येणाऱ्याने कोविडची लस घेतलेली हवी, हा नियम इंग्लंडमध्ये त्या दिवशी लागू झाला. इंग्लंडमधल्या एका केअर होमच्या दारात दोन बायका उभ्या आहेत असं समजू. एक आत राहणाऱ्या आजींची मुलगी. दुसरी दर पंधरवड्याला तिथल्या सगळ्या आजींचे केस कापायला येणारी. दोघींनीही कोविडची लस घेतलेली नाही. मुलगी चाचणी करून आत जाऊ शकते. केस कापणारीला मात्र व्यवस्थापकाने आत घेतलं, तर तो कायदा मोडतो. तिच्या मागे गळका नळ तातडीने दुरुस्त करायला आलेला प्लंबर उभा असेल, तर त्यालाही सूट आहे. तोच प्लंबर पुढच्या आठवड्यात नेहमीची देखभाल करायला आला, तर सूट नाही.

विषाणू यांच्यापैकी कोणाच्याही श्वासातून आत जाऊ शकतो. मग नियम वेगळे का? या एका प्रश्नाचा धागा धरून गेलं की दोन वर्षं चाललेला सगळा वाद उलगडत जातो. हा वाद 'स्वातंत्र्य विरुद्ध सुरक्षा' असा मांडला की दोन्हीकडचे लोक मोठ्या आवाजात बोलतात आणि आतल्या आजी बाजूलाच राहतात. म्हणून तो जरा सावकाश पाहू.

केअर होम म्हणजे नुसती राहण्या-जेवणाची सोय नव्हे. ज्यांना स्वतःहून अंघोळ करता येत नाही, घास भरवावा लागतो, रात्री कूस बदलून द्यावी लागते, अशा माणसांचं ते घर असतं. बरेच रहिवासी ऐंशीच्या पुढचे, अनेकांना डिमेन्शिया. इंग्लंडमध्ये अशी सुमारे १५ हजार घरं आहेत. बहुतेक खासगी मालकीची. काही रहिवासी स्वतः पैसे भरतात, काहींचा खर्च स्थानिक कौन्सिल करते. देखरेख केअर क्वालिटी कमिशन नावाच्या नियामक संस्थेची. काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि पगार किमान वेतनाच्या आसपास. २०२१ मध्ये ते तासाला ८.९१ पौंड होतं. हे काम हातभर अंतर ठेवून करता येत नाही. ज्या माणसाला विषाणूचा सर्वाधिक धोका, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन दिवसातून दहा वेळा बोलावं लागतं. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

लस यायच्या आधी

मार्च २०२० मध्ये रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या करण्याची घाई झाली. १७ मार्च ते १५ एप्रिल या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालयांतून सुमारे २५ हजार रुग्ण केअर होममध्ये पाठवले गेले. लक्षणं नसलेल्यांची पाठवण्याआधी चाचणी करायची, असं धोरण १५ एप्रिलला जाहीर झालं. तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक मे महिन्यात म्हणाले की, आम्ही अगदी सुरुवातीपासून केअर होमभोवती संरक्षक कडं उभारायचा प्रयत्न केला. दोन वर्षांनी, २७ एप्रिल २०२२ रोजी, लंडनच्या हाय कोर्टाने ते सुरुवातीचं धोरण बेकायदेशीर ठरवलं. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते हा धोका सरकारने विचारात घ्यायला हवा होता, तो घेतला गेला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. खटला गुदरला होता वडील गमावलेल्या दोन मुलींनी.

मार्च २०२० ते जानेवारी २०२२ या काळात इंग्लंड आणि वेल्समधले केअर होमचे ४५ हजारांहून अधिक रहिवासी कोविडने गेले.

रुग्णालयातून आलेले रुग्ण हा विषाणूचा एक रस्ता होता. त्याहून मोठा रस्ता म्हणजे बाहेरच्या समाजातला संसर्ग, जो काम करणाऱ्यांबरोबर नकळत आत आला. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो, कारण ते दोषारोपासारखं वाचलं जातं. पण त्या बायकांकडे पर्याय कोणता होता ते पाहा. इंग्लंडमध्ये आजारी पडल्यावर कायद्याने मिळणारा भत्ता तेव्हा आठवड्याला जेमतेम ९६ पौंड होता. तेव्हाच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे पहिले तीन दिवस काहीच मिळत नसे. कोविडसाठी मार्च २०२० पासून तेवढी अट तात्पुरती उठवली होती. आठवड्याला सरासरी १२० पौंडांपेक्षा कमी कमावणारीला तर हा भत्ताच लागू नव्हता. भाडं भरायचंय, घसा खवखवतोय, आणि घरी बसलं तर हातात काही नाही. अशा वेळी माणूस कामावर जातो.

२०२० च्या उन्हाळ्यात झालेल्या व्हिवाल्डी नावाच्या पाहणीत हे आकड्यांत दिसलं. ज्या केअर होममध्ये आजारपणाची पगारी रजा होती, तिथल्या रहिवाशांमध्ये लागण कमी होती. जिथे एजन्सीमार्फत येणाऱ्या, म्हणजे आज इथे तर उद्या तिथे काम करणाऱ्या नर्स नेहमी लागत, तिथे ती जास्त होती. लसीचा एकही डोस टोचला जाण्याआधीच कळलेली ही गोष्ट आहे. सरकारने मे २०२० मध्ये ६० कोटी पौंडांचा संसर्ग नियंत्रण निधी जाहीर केला. विलगीकरणात असलेल्या कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार देता यावा हाही त्याचा एक हेतू होता. उपाय योग्य दिशेचा होता, पण तो तात्पुरता होता.

काचेपलीकडची भेट

निर्बंधांचा सर्वांत जड भार रहिवाशांवर पडला, आणि त्याबद्दल वाद सर्वांत कमी झाला असं मला वाटतं. मार्च २०२० पासून बहुतेक केअर होमनी नातेवाइकांना दार बंद केलं. काही ठिकाणी खिडकीतून भेट, काही ठिकाणी मधे काच. ८ मार्च २०२१ पासून प्रत्येक रहिवाशाला एकच ठरलेली व्यक्ती नियमित आत येऊन भेटू लागली. १२ एप्रिलला दोघं झाले, १७ मेला पाच जणांची यादी करता येऊ लागली. भेटींच्या संख्येवरची मर्यादा पूर्णपणे उठली ती ३१ जानेवारी २०२२ रोजी. मधल्या बऱ्याच काळात, बाहेर जाऊन आलेल्या रहिवाशाला परतल्यावर १४ दिवस खोलीत एकटं राहावं लागे.

चौदा दिवस हा आकडा तरुण माणसाला सोसतो. पण अनेक रहिवाशांसाठी केअर होममधलं उरलेलं आयुष्यच एक-दोन वर्षांचं असतं. डिमेन्शिया असलेल्या माणसाला 'सध्या साथ आहे म्हणून मुलगी येत नाही' हे सांगून कळत नाही. त्याला एवढंच कळतं की मुलगी येत नाही. ओळखीचा हात आणि ओळखीचा आवाज हाच अशा माणसाच्या स्मृतीला धरून ठेवणारा शेवटचा दोर असतो. कितीतरी जण याच काळात बोलायचे थांबले, खायचे थांबले. त्याची नोंद कोविडच्या आकड्यांत होत नाही.

इथे एक बारकावा आहे. भेटींबद्दलच्या या सूचना बहुतांशी सरकारी मार्गदर्शक सूचना होत्या, कायदा नव्हता. शेवटचा निर्णय त्या त्या केअर होमचा. व्यवस्थापकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. साथ आत आली आणि माणसं गेली, तर ठपका तुमच्यावर. दार बंद ठेवलं आणि एखादी आजी एकटेपणाने खंगली, तर कोणी चौकशीला येणार नाही. निर्णय कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे. निर्बंध लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण एका बाजूचं नुकसान मोजलं जातं आणि दुसऱ्या बाजूचं मोजलंच जात नाही, तेव्हा तराजू आधीच कललेला असतो. म्हणून कुठल्याही निर्बंधाबद्दल पहिला प्रश्न विचारावा तो हा: न मोजलं जाणारं नुकसान कोणाच्या पदरात पडतंय?

लस दोन कामं करते, आणि ती वेगळी आहेत

८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झालं. लस आधी कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने, जेसीव्हीआयने, यादीत सर्वांत वर वृद्धांच्या केअर होममधले रहिवासी आणि त्यांची काळजी घेणारे कर्मचारी यांना ठेवलं होतं. रहिवाशांनी लस मोठ्या प्रमाणात घेतली. कर्मचाऱ्यांचं प्रमाण मागे राहिलं, लंडनमध्ये जास्तच.

'रहिवाशांना लस मिळाली ना, मग कर्मचाऱ्यांनी घेतली काय, न घेतली काय' असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. प्रश्न चुकीचा नाही. उत्तरासाठी लसीची दोन कामं वेगळी करून पाहावी लागतात. पहिलं काम म्हणजे ज्याने घेतली त्याला गंभीर आजारापासून वाचवणं. दुसरं म्हणजे त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण कमी करणं. पहिलं काम स्वतःपुरतं आहे. त्यासाठी दुसऱ्यावर सक्ती करणं फार अवघड, कारण आपल्या जिवाचा धोका पत्करायचा हक्क प्रौढ माणसाला असतो. सक्तीचं सगळं नैतिक वजन दुसऱ्या कामावर उभं आहे. लस लागण थांबवते का, किती थांबवते आणि किती काळ थांबवते, यावर.

२०२१ च्या पहिल्या सहामाहीतली उत्तरं उत्साह वाढवणारी होती. ज्यांनी एक डोस घेऊन तीन आठवडे झाले होते, अशा लागण झालेल्यांकडून घरातल्या इतरांना होणारी लागण ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचं इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हाताऱ्या शरीरात लस तरुणांइतकी जोमाने काम करत नाही, हेही दिसत होतं. केअर होममधल्या रहिवाशांमध्ये एका डोसनंतर पाच ते सात आठवड्यांनी लागणीपासूनचं संरक्षण सुमारे ६२ टक्के भरलं. हा आकडा चांगलाच, पण दहांतल्या जवळपास चार फटी उघड्याच. मग दुसरी भिंत हवी, आणि ती म्हणजे काळजी घेणाऱ्यांची लस. सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांनी एक किमान पातळीही सांगितली: प्रत्येक घरातल्या निदान ८० टक्के कर्मचाऱ्यांनी आणि ९० टक्के रहिवाशांनी पहिला डोस घेतलेला हवा. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमधली वृद्धांची जेमतेम ५३ टक्के केअर होम या दोन्ही पातळ्यांवर पोचली होती.

तेव्हाची माहिती समोर ठेवली तर सक्तीची बाजू भक्कम होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आजींना पर्याय नव्हता. आपल्याला अंघोळ कोणी घालावी हे त्या निवडू शकत नव्हत्या.

कायदा असा का रचला?

ब्रिटनमध्ये लससक्तीचा इतिहास जुना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५३ साली तान्ह्या बाळांना देवीची लस सक्तीची झाली. मोठा विरोध झाला, आणि १८९८ साली विवेकबुद्धीला पटत नसेल तर सूट मागायची तरतूद आली. राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती सक्तीही संपली.

त्या इतिहासाची छाया आजच्या कायद्यावर आहे. साथरोगांसंबंधीच्या १९८४ च्या कायद्यात एक कलम आहे, ४५ई. त्या कायद्याखाली सरकार कितीही व्यापक नियम करू शकतं, पण कोणालाही वैद्यकीय उपचार घ्यायला लावू शकत नाही, आणि लसीकरण त्यात स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. म्हणून केअर होमच्या नियमासाठी वेगळी वाट घेतली गेली. केअर होमच्या नोंदणीशी संबंधित २००८ च्या कायद्याखालच्या नियमावलीत दुरुस्ती केली. तिने कोणालाही 'लस घे' म्हटलं नाही. केअर होम चालवणाऱ्याला म्हटलं: दोन्ही डोस घेतल्याचा किंवा सूट असल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय कोणाला आत येऊ देऊ नका. सूट कोणाला, तर रहिवासी, भेटायला येणारे नातेवाईक आणि मित्र, अठरा वर्षांखालचे, तातडीच्या कामाला आलेले, आणि वैद्यकीय कारण असलेले.

सुरुवातीच्या दोन बायकांचं कोडं इथे सुटतं. केस कापणारी अनेकांना हात लावते, मुलगी शक्यतो एकीलाच. हे झालं विज्ञानाचं कारण. दुसरं कारण हक्काचं. मुलीची भेट हा आजींच्या कौटुंबिक आयुष्याचा भाग आहे, आणि तो हक्क युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ मध्ये आहे. मजा अशी की स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्कही त्याच कलम ८ मध्ये बसतो. एकाच कलमाच्या दोन टोकांना दोघीजणी उभ्या. आणि तो हक्क बिनशर्त नाही. त्यावर मर्यादा घालता येते, पण ती कायद्याने घातलेली, योग्य हेतूसाठी आणि प्रमाणात हवी. 'प्रमाणात' या शब्दात सगळं मावलं आहे. हा उपाय खरंच काम करतो का? याहून कमी बोचणारा उपाय होता का? मिळणारा फायदा होणाऱ्या तोट्याच्या मानाने पुरेसा आहे का?

एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली. १३ हजारांहून अधिक उत्तरं आली, आणि त्यांपैकी ५७ टक्के विरोधात होती. १३ जुलैला हाउस ऑफ कॉमन्सने ३१९ विरुद्ध २४६ मतांनी नियम मंजूर केला. त्या दिवशी खासदारांच्या हातात परिणामांचा सविस्तर अंदाज नव्हता, आणि सत्ताधारी पक्षातल्याच काहींनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. नंतर आलेल्या अंदाजात म्हटलं होतं की पाच लाख ७० हजार कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ४० हजार मुदत संपेपर्यंत लस घेतलेले नसतील. तयारीसाठी १६ आठवडे दिले. पहिल्या डोसची शेवटची तारीख १६ सप्टेंबर ठरली.

नाही म्हणणाऱ्या कोण होत्या

लस नाकारणाऱ्या सगळ्यांना एकाच रंगात रंगवायची सवय या वादात फार दिसली. कटकारस्थानांवर विश्वास ठेवणारे होते, हे खरं. एका नर्सिंग होमने फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी, लस नाकारणाऱ्या एका कर्मचारी बाईंना काढलं. रोजगार न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ते काढणं योग्य ठरवलं. त्या घरात साथीने रहिवासी दगावले होते, आणि नकाराला वैद्यकीय कारण नव्हतं.

पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की वेगळं चित्र दिसतं. डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला सरकारी सल्ला होता की लस घेतल्यावर दोन महिने गर्भधारणा टाळा. ती केवळ सावधगिरी होती, आणि ३० डिसेंबरला काढूनही टाकली. लसीने प्रजननक्षमतेला बाधा येते असा कोणताही पुरावा नव्हता आणि नाही. पण पंचविशीतल्या मुलीच्या मनात पहिलं वाक्य राहिलं, दुसरं पोचलंच नाही. मग ७ एप्रिल २०२१ रोजी जेसीव्हीआयने सांगितलं की रक्ताच्या गुठळ्यांच्या अतिशय दुर्मीळ धोक्यामुळे तिशीच्या आतल्यांना ॲस्ट्राझेनेकाऐवजी दुसरी लस द्यावी. महिन्याभरात ती वयोमर्यादा चाळीसवर गेली. हा बदल प्रामाणिक विज्ञानाचं लक्षण होतं. पण ७ एप्रिलनंतर बरोबर एका आठवड्याने, १४ एप्रिलला, सक्तीच्या प्रस्तावावर मतं मागवली गेली. काल सल्ला बदलला आणि आज सांगतायत की नोकरी हवी तर घ्या, असं वाटणारीला अडाणी म्हणता येईल का?

त्यात भर जुन्या अविश्वासाची. केअर होममधल्या कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित बायकांचं प्रमाण मोठं आहे. २०२० च्या वसंतात यांच्याकडे मास्क पुरेसे नव्हते, चाचण्या नव्हत्या, रजेचे पैसे नव्हते. सरकारला त्यांची अचानक आठवण झाली ती दंडासाठी. ब्रिटनमधल्या आरोग्य आणि काळजी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या संशोधनात दबावाचा एक परिणाम दिसला: ज्यांना मालकाकडून दबाव जाणवला, त्यांच्यातल्या अनेकांचा नकार आणखी घट्ट झाला. मोकळ्या गप्पा, ओळखीच्या डॉक्टरशी बोलणं, कामाच्या वेळेत पगारी वेळ काढून लस, हे उपाय सावकाश काम करतात. त्यांची बातमी होत नाही.

तरीही दुसरी बाजू विसरता येत नाही. लसीवर शंका घ्यायचा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या अशक्त शरीराजवळ काम करायचा हक्क आपोआप मिळत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हिपॅटायटिस बीच्या तपासण्या इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं होतात आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. लसीचा मुद्दा वेगळा ठरला तो लस नवी असल्यामुळे, आणि टोचलेली लस परत काढता येत नसल्यामुळे.

पुरावा बदलला, कायदा जागेवरच

नियम लागू व्हायच्या नऊ दिवस आधी, २ नोव्हेंबरला, दोन केअर कर्मचाऱ्यांनी त्याला दिलेलं आव्हान हाय कोर्टाने पुढे चालवायला नकार दिला. कायदेशीर अडथळा संपला. पण तोवर विज्ञान सरकत होतं. डेल्टा आल्यावर दिसायला लागलं की लागण दुसऱ्याला देण्यापासून लस जे थांबवते, ते तीन महिन्यांत बरंच ओसरतं. लक्षात घ्या, नियम फक्त दोन डोसांचा होता, बूस्टरचा नव्हता. ज्या कर्मचारी बाईने जानेवारी-फेब्रुवारीत पहिला आणि एप्रिलमध्ये दुसरा डोस घेतला, ती नोव्हेंबरमध्ये कायद्याच्या लेखी 'सुरक्षित' होती. तिला लागण झालीच, तर ती तिच्याकडून दुसऱ्याला पोचण्यात मात्र लस न घेतलेलीच्या तुलनेतला फरक बराच कमी झाला होता. नुकतीच कोविडमधून बरी झालेली, पण लस न घेतलेली बाई कायद्याच्या लेखी 'असुरक्षित'. नोव्हेंबरच्या शेवटी ओमिक्रॉन आला. जुन्या दोन डोसांचं साध्या लागणीपासूनचं संरक्षण फारच खाली गेलं. गंभीर आजारापासूनचं बऱ्यापैकी टिकलं, म्हणजे वर म्हटलेलं लसीचं पहिलं काम चालू राहिलं. पण सक्ती उभी होती दुसऱ्या कामावर.

९ नोव्हेंबरला, केअर होमची मुदत संपायच्या दोन दिवस आधी, नवे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी हाच नियम १ एप्रिल २०२२ पासून एनएचएसला आणि घरोघरी जाऊन काळजी घेणाऱ्यांनाही लावण्याची घोषणा केली. पहिल्या डोसची शेवटची तारीख ३ फेब्रुवारी. हजारो नर्स आणि दाया कमी होतील हे दिसू लागलं. ३ फेब्रुवारीला तीन दिवस उरले असताना, ३१ जानेवारीला, जाविद यांनी सगळी सक्ती मागे घ्यायचा इरादा जाहीर केला. कारण दिलं ते ओमिक्रॉनच्या सौम्यपणाचं आणि लोकसंख्येत वाढलेल्या संरक्षणाचं. मतं पुन्हा मागवली, ९० हजारांहून अधिक उत्तरं आली, आणि साधारण ९० टक्के रद्द करण्याच्या बाजूने होती. १५ मार्च २०२२ रोजी नियम संपला.

तो केअर होममध्ये चार महिने चालला. एनएचएसमध्ये एक दिवसही नाही.

या वादातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच. पुरावा बदलला म्हणून धोरण बदलणं योग्यच होतं. पण ज्यांच्या मागे मोठ्या संघटना आणि रुग्णालयं होती, त्यांच्या नोकऱ्या वाचेपर्यंत तो बदल झाला. ज्यांच्यामागे कोणी नव्हतं, त्या नोव्हेंबरातच घरी गेल्या होत्या. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार या नियमामुळे इंग्लंडच्या वृद्धांच्या केअर होममधले १४ ते १९ हजार कर्मचारी कमी झाले. त्या वर्षी इंग्लंडच्या संपूर्ण काळजी क्षेत्रात १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या, आधीच्या वर्षीपेक्षा ५२ टक्के जास्त. या रिकाम्या जागांचं सगळं खापर लसनियमावर फोडता येत नाही. ब्रेक्झिट, कमी पगार, दमलेली माणसं ही कारणंही मोठी. पण माणसं कमी असली की रात्री कूस उशिरा बदलली जाते, घास घाईत भरवला जातो. हाही आजींच्या जिवाला असलेला धोका आहे, आणि तोही मोजला गेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने केअर कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून येण्याचा व्हिसा खुला केला.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने अशी सक्ती केलीच नाही. इटलीने एप्रिल २०२१ मध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली. फ्रान्सने १५ सप्टेंबर २०२१ पासून नियम लावला आणि लस न घेणाऱ्यांना बिनपगारी निलंबित केलं. काढून टाकलं नाही. मे २०२३ मध्ये ते कामावर परतू शकले. इंग्लंडच्या कायद्यात परतीचा असा पूल नव्हता, आणि तो बांधणं अवघड नव्हतं.

माझं मत विचाराल तर, २०२१ च्या उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी हा आग्रह योग्य होता, आणि मी तो आज पुन्हा धरेन. चूक झाली ती आग्रहाला कायद्यात गोठवण्यात. विषाणू तीन महिन्यांत बदलतो. कायद्याला मतं मागवण्यापासून अंमलापर्यंत सात महिने लागले, आणि त्यात काढलेल्यांना परत घ्यायची सोय नव्हती. आणि हे सगळं करण्याआधी सोपी, पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट, आजारी असाल तर घरी राहा, पगार मिळेल, ही कायमची करता आली असती.

भेटींच्या बाबतीत पुढे काहीतरी शिकलं गेलं. ६ एप्रिल २०२४ पासून केअर क्वालिटी कमिशनच्या नियमांत एक नवं कलम आलं: अपवादात्मक परिस्थिती नसेल तर रहिवाशाला माणसांना भेटू देणं केअर होमवर बंधनकारक आहे. काचेपलीकडे उभ्या राहिलेल्या मुलींनी आणि मुलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला.

काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र, १५ मार्च २०२२ ला लसीची अट गेली आणि २४ मार्चला कोविडसाठी पहिल्या दिवसापासून आजारपणाचा भत्ता देण्याची तात्पुरती सोयही संपली. महिनाअखेरीस संसर्ग नियंत्रण निधी बंद झाला. एप्रिल उजाडला तेव्हा ताप आलेली केअर कर्मचारी बाई पुन्हा त्याच हिशोबाशी आली होती, जो मार्च २०२० मधल्या त्या सवलतीआधी तिच्यासमोर होता: पहिले तीन दिवस बिनपैशाचे, आणि सकाळी सातची पाळी.